रस्त्याच्या लेकराचा हक्क

१९८५ हे वर्ष भारतीय मुसलमानांच्या स्मरणात एका निकालामुळे कायमचे राहिले आहे. २३ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने शाहबानो प्रकरणाचा निकाल दिला. पुढे काय झाले ते नव्याने सांगायला नको. मोर्चे निघाले, परिषदा भरल्या आणि वर्ष उलटते न उलटते तोच संसदेत नवा कायदा झाला. बाजूने बोलणारे, विरोधात बोलणारे आणि मधल्या मधे सापडलेले, असे आम्ही सगळेच त्या वादात ओढले गेलो.

त्याच वर्षी, त्याच सरन्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली, आणखी एका घटनापीठाने आणखी एक निकाल दिला होता. तारीख होती १० जुलै १९८५. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड दुसऱ्या दिवशी निवृत्त होणार होते. खटला होता ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका. मुंबईच्या फुटपाथवर झोपडे बांधून राहणाऱ्या माणसांना महापालिका हुसकावून लावू शकते का, हा त्यातला प्रश्न होता. फुटपाथवरच्या त्या माणसांत मुसलमान कमी नव्हते. निकाल देणाऱ्या पाच न्यायमूर्तींत सय्यद मुर्तझा फजल अली होते. आणि ज्या मुख्यमंत्र्यांच्या घोषणेमुळे हा खटला उभा राहिला तेही मुसलमान होते, कोकणातले होते, आमच्यातले होते. तरीही या निकालावर आमच्या मोहल्ल्यात कुणी चर्चा केल्याचे आम्हाला आठवत नाही. बाजूनेही नाही आणि विरोधातही नाही.

घराबाहेर काढलेली एक वृद्ध स्त्री आम्हाला दिसली, तीही शरियतचा प्रश्न म्हणून. रस्त्यावर संसार मांडून बसलेली हजारो कुटुंबे मात्र दिसलीच नाहीत. असे का व्हावे? आमच्या परंपरेत बेघर माणसाला जागा नाही म्हणून? तसे म्हणावे तर इतिहास नेमके उलटे सांगतो. तो इतिहास येथे थोडक्यात मांडावा असे आम्हाला वाटते.

सुफ्फा ते सराई

जकात कुणाला द्यावी याचे आठ हक्कदार कुरआनच्या सूरह तौबामध्ये सांगितले आहेत. फकीर आणि मिस्कीन हे पहिले दोन आपल्याला पाठ असतात. शेवटचा हक्कदार मात्र आपण पटकन विसरतो. तो म्हणजे ‘इब्नुस्सबील’. शब्दशः अर्थ रस्त्याचा मुलगा, रस्त्याचे लेकरू. फिकहच्या ग्रंथांत याचा अर्थ प्रामुख्याने वाटेत अडकलेला, जवळचे पैसे संपलेला प्रवासी असा केला जातो. तो आपल्या गावी श्रीमंत असला तरी परक्या मुलखात त्याचा हक्क लागू होतो. आधुनिक काळातील काही विद्वानांनी निर्वासित आणि बेघर यांनाही या शब्दाच्या कक्षेत आणले आहे. अर्थाचा हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. ज्याला छप्पर नाही त्याला येथे भिकारी म्हटलेले नाही. त्याला हक्कदार म्हटले आहे.

हा हक्क केवळ शब्दांत राहिला नाही. मक्केहून मदिनेला हिजरत करून आलेली माणसे बेघरच होती. अन्सारांनी त्यांना घरात घेतले, कमाईत वाटा दिला. ज्यांची सोय कुठेच झाली नाही ते मस्जिदे नबवीच्या आवारात एका छपराखालच्या ओट्यावर राहिले. हा ओटा म्हणजे सुफ्फा आणि तेथे राहणारे ते अस्हाबे सुफ्फा. ज्यांच्या नावावर हदीसची सर्वाधिक रिवायते आहेत ते हजरत अबू हुरैरा त्यांच्यापैकीच एक. म्हणजे इस्लामच्या पहिल्या मोठ्या मशिदीत नमाजाच्या जागेला लागूनच बेघरांचा निवारा होता. आज आमच्या किती मशिदींच्या दारावर इशाच्या नमाजनंतर कुलूप लागते, हे वाचकांनी स्वतःच मोजून पाहावे.

पुढे ही जबाबदारी वक्फच्या रूपाने संस्थांकडे गेली. शहरोशहरी खानकाह, लंगर, सराया आणि मुसाफिरखाने उभे राहिले. हिंदुस्थानात शेरशाह सूरीने अवघ्या पाच वर्षांच्या कारकिर्दीत रस्त्यांच्या कडेने १७०० सराया बांधल्याचे तवारीखकार लिहितात. या सरायांत हिंदू आणि मुसलमान प्रवाशांची राहण्या-जेवण्याची सोय वेगवेगळी पण सारख्याच आस्थेने केलेली असे. पुढच्या काळात अहिल्याबाई होळकरांच्या धर्मशाळा आणि घाट देशभर उभे राहिले. वाटसरूला निवारा देणे हे या भूमीत कुण्या एका धर्माचे काम कधीच नव्हते.

मराठी वाचकाला यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की आपण शाळेच्या सहलीत पाहिलेली असते. पाण्यावर चालणारे जाते, हौद आणि त्यातले मासे पाहून आपण परत येतो. ही जागा मुळात बाबा शाह मुसाफिर या नक्शबंदी सूफींची खानकाह आहे. ते बुखाऱ्याच्या मुलखातून दख्खनमध्ये आले आणि त्यांच्या नावातच ‘मुसाफिर’ राहिले. काही किलोमीटरवरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून तेथे आणले गेले आणि त्या पाण्याच्या जोरावर चक्की फिरू लागली. तिच्यात दळले जाणारे पीठ होते खानकाहच्या आश्रयाला आलेल्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी, गोरगरिबांसाठी. आपण जिला एक यांत्रिक चमत्कार म्हणून पाहतो ती मुळात लंगरची चक्की होती.

मुंबईतल्या जमातीच्या खोल्या

एकोणिसाव्या शतकात मुंबई हे हजला जाणाऱ्यांचे मोठे बंदर झाले. आगबोटीची वाट पाहत यात्रेकरू आठवडेच्या आठवडे शहरात पडून राहत. त्यांतले पुष्कळजण इतके गरीब असत की रस्त्यावर, मशिदींच्या पायऱ्यांवर झोपत. परतीच्या भाड्याला पैसे नसल्याने जेद्दाहमध्ये अडकून पडणारेही असत. इंग्रज सरकारला त्यांची काळजी होती ती मुख्यतः रोगराई आणि बदनामी यांच्या भीतीने. १८८६ मध्ये सरकारने या यात्रेकरूंच्या वाहतुकीचे काम थॉमस कुक या प्रवासी कंपनीकडे दिले होते. शहरातल्या मेमन, खोजा, बोहरा आणि कोकणी व्यापाऱ्यांनी मात्र दुसरा मार्ग धरला. त्यांनी मुसाफिरखाने बांधले. क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना हे त्यातले सर्वांना माहीत असलेले नाव. १९९५ मध्ये मुंबईहून बोटीने हजला जाणे बंद झाले आणि त्या मुसाफिरखान्यांच्या इतिहासाचे एक पर्व संपले.

हाजी लोकांबरोबर आणखी एक वर्ग मुंबईला येत होता आणि तो परत जाणार नव्हता. रत्नागिरी, कुलाबा या जिल्ह्यांतून खलाशी, सारंग, टंडेल, भंडारी म्हणून बोटीवर चढायला आलेली आमची माणसे डोंगरी, माझगावच्या गल्ल्यांत गावच्या जमातीच्या खोलीत उतरत. एका खोलीत वीस-पंचवीस जणांच्या पेट्या. झोपायला जागा पाळीपाळीने. महिन्याला थोडी वर्गणी, आणि नोकरी नसेल त्याला तीही माफ. आमच्या वडीलधाऱ्यांनी मुंबईतली पहिली रात्र अशाच खोलीत काढली. गिरणीत काम करणाऱ्या हिंदू गाववाल्यांच्या खोल्याही याच रीतीने चालत. या खोल्यांनी एक-दोन पिढ्यांना रस्त्यावर झोपण्यापासून वाचवले, हे उपकार आम्ही विसरणार नाही.

पण येथेच एक गोष्ट आमच्या लक्षात यायला हवी होती. खोलीचे दार गावाच्या नावाने उघडत होते, गरजेने नव्हे. ज्याचा गाव नाही, ज्याची जमात नाही, त्याला दार नव्हते. बिहार, उत्तर प्रदेश, तामिळनाडू, मराठवाडा येथून दुष्काळ, कर्ज आणि बेकारी यांनी ढकललेली माणसे आली ती थेट फुटपाथवर. ‘रस्त्याचे लेकरू’ या शब्दात परक्या माणसाचा हक्क होता. आम्ही त्याचा अर्थ हळूहळू ‘आपल्या गावचा पोरगा’ इतका लहान करून टाकला.

जुलै १९८१

बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले जून १९८० मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. रायगड जिल्ह्यातल्या आंबेतचा हा माणूस राज्याचा पहिला मुसलमान मुख्यमंत्री. त्यांच्याच कारकिर्दीत संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. विधवा, अपंग, वृद्ध अशा निराधारांना दरमहा अनुदान देणारी ही योजना पुढच्या सरकारांनीही चालू ठेवली. गावोगावच्या म्हाताऱ्या बायका अंतुल्यांचे नाव दुआ देऊन घेत, हे आम्ही कानांनी ऐकले आहे.

याच अंतुल्यांनी १३ जुलै १९८१ रोजी जाहीर केले की मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी किंवा शहराबाहेर पाठवले जाईल. ऐन पावसाळा. झोपडी पाडली गेली आणि माणसे गाड्यांत भरून शहराबाहेर नेली गेली. पत्रकार ओल्गा टेलिस, नागरी स्वातंत्र्यासाठी काम करणारी संघटना आणि स्वतः फुटपाथवर राहणारी माणसे न्यायालयात गेली.

एकाच राजवटीत निराधारांना अनुदान आणि बेघरांना हद्दपारी, हे कसे घडले? आम्ही अंतुल्यांना दुष्ट ठरवू इच्छित नाही. ज्याचे नाव गावच्या यादीत आहे तो निराधार त्यांना दिसत होता. ज्याचे नाव कुठल्याच यादीत नाही तो फक्त अडथळा दिसत होता. जमातीच्या खोलीत आमची जी नजर तयार झाली तीच येथे सरकारी हुकुमात उतरली होती.

चार वर्षांनी आलेला निकाल पूर्ण विजयाचा नव्हता. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, कारण उपजीविका काढून घेतली की जगणेच काढून घेतले जाते, असे न्यायालयाने मान्य केले. माणूस फुटपाथवर हौसेने राहत नाही, काम जेथे मिळते तेथून जवळ राहिल्यावाचून त्याला गत्यंतर नसते, हेही मान्य केले. पण महापालिकेला अतिक्रमण हटवण्याचा अधिकार आहे आणि तो घटनाबाह्य नाही, असेही सांगितले. नोटीस देऊन, पावसाळा उलटल्यावर हटवावे. १९७६ च्या मोजणीत ज्यांना ओळखपत्रे मिळाली होती त्यांना पर्यायी जागा द्यावी. ज्यांची मोजणीच झाली नव्हती त्यांच्या हाती तत्त्व आले, छप्पर आले नाही.

भायखळ्याच्या बायका

निकालानंतर जे घडले ते आमच्या मते या सगळ्या इतिहासातले सर्वांत शिकण्यासारखे प्रकरण आहे. १९८४ मध्ये सुरू झालेली ‘स्पार्क’ ही संस्था भायखळा-नागपाड्याच्या फुटपाथवरच्या बायकांबरोबर काम करत होती. झोपड्या पाडायला गाड्या येणार हे दिसत होते. या बायकांनी दगड उचलले नाहीत. त्यांनी मोजणी केली. किती कुटुंबे, कुठून आली, किती वर्षे राहतात, काय काम करतात, पाणी कुठून आणतात. सहा हजारांवर कुटुंबांची ही माहिती १९८५ मध्ये ‘वी, द इन्व्हिजिबल’ या अहवालात आली. नावाचा अर्थ, आम्ही, न दिसणारे. फुटपाथवाले म्हणजे आज आले, उद्या गेले, भीक मागणारे, चोऱ्या करणारे, असा जो समज होता तो या कागदांनी मोडला. ही माणसे वर्षानुवर्षे त्याच जागी राहत होती आणि जवळच्या वस्तीत घरकाम, हमाली, फेरीचा धंदा करत होती.

१९८६ मध्ये या बायकांची ‘महिला मिलन’ उभी राहिली. हिंदू, मुसलमान, दलित, अशा सगळ्या बायका तिच्यात होत्या. रोजची रुपया-दोन रुपयांची बचत, रेशनकार्डासाठी रांगा, पोलीस चौकीत एकटीने न जाता दहाजणींनी जाणे, असे काम चालू झाले. घर कसे हवे हे त्यांनी स्वतः ठरवले आणि नमुन्याची घरे उभी करून लोकांना दाखवली. जोकिन अर्पुथम यांचे झोपडपट्टीवासीयांचे राष्ट्रीय महासंघ त्यांच्या सोबतीला आले. अर्पुथम यांना २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९५ नंतरच्या पुनर्वसन धोरणात फुटपाथवाल्यांचाही समावेश झाला आणि मानखुर्दला ‘मिलननगर’ उभे राहिले. मधल्या काळात १९९२-९३ ची दंगल येऊन गेली. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसे मेली आणि त्यांतली ५७५ मुसलमान होती. चांगली पक्की घरे असलेली कुटुंबे एका रात्रीत मशिदी-शाळांच्या आश्रयाला आली. बेघर होणे ही दुसऱ्या कुणाची गोष्ट नाही, हे त्या रात्रींनी आम्हाला शिकवले होते. मुंब्र्यात नवी घरे झाली आणि आम्ही ते विसरलो.

एका मित्राच्या आग्रहावरून आम्ही काही वर्षांपूर्वी एका जमातीच्या बैठकीत प्रस्ताव मांडला होता. वापरात नसलेल्या खोलीत थंडी-पावसापुरती रस्त्यावरच्या काही बायका-मुलांची रात्रीची सोय करावी, इतकेच म्हणणे होते. बैठकीत कुणी रागावले नाही. एका बुजुर्गांनी शांतपणे विचारले, “पण भाई, ते आपल्या जमातीतले कुठं आहेत?” प्रस्ताव तेथेच संपला. आम्हीही गप्प बसलो, ही आमची कसूर.

दोन निकालांचा एकच प्रश्न

आता पुन्हा शाहबानोकडे येऊ. १९७५ मध्ये, लग्नाला चाळीसहून अधिक वर्षे झाल्यावर, तिला नवऱ्याने घराबाहेर काढले. पोटगीचा आणि तलाकचा वाद त्यानंतरचा. म्हणजे तिची पहिली तक्रार शरियतची नव्हती, छपराची होती. १९८६ च्या कायद्यावर इतके बोलले गेले, पण त्याच्या चौथ्या कलमावर फार कमी. तलाक मिळालेल्या स्त्रीला सांभाळायला मुले, आईबाप, नातेवाईक कुणीच नसेल तर तिच्या निर्वाहाचा हुकूम मॅजिस्ट्रेटने राज्याच्या वक्फ बोर्डाला द्यावा, असे त्यात आहे. ज्या कायद्यासाठी मोर्चे निघाले त्यानेच बेसहारा स्त्रीची जबाबदारी समाजाच्या वक्फवर टाकली. ती जबाबदारी पार पाडावी म्हणून मोर्चे निघाले नाहीत.

वक्फची स्थिती काय होती? २००६ च्या सच्चर समितीने देशातील नोंदलेल्या वक्फ मालमत्ता ४ लाख ९० हजारांच्या घरात आणि जमीन सुमारे ६ लाख एकर असल्याचे म्हटले. नीट वापर झाला तर वर्षाला १२ हजार कोटी रुपये उत्पन्न मिळू शकेल असा तिचा अंदाज होता. वक्फवर सरकारने काय करावे, काय करू नये, यावर आपण तावातावाने बोलतो आणि बोललेही पाहिजे. पण वक्फ मूळ कुणासाठी होता, हा प्रश्न आपण स्वतःला विचारत नाही.

सरकारच्या बाजूने नंतर थोडे बदलले. दिल्लीच्या थंडीत बेघर मरू लागले तेव्हा, २०१० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे चोवीस तास उघडा असणारा एक निवारा हवा असे सांगितले. २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी निवाऱ्याची योजना आली. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७० हजारांवर माणसे बेघर नोंदली गेली. त्यांत महाराष्ट्रात सुमारे २ लाख १० हजार आणि मुंबईत सुमारे ५७ हजार होती. एक कोटी चोवीस लाखांच्या मुंबईला या हिशेबाने सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याखाली वर्षानुवर्षे बेघरांनाही भिकारी म्हणून उचलले गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरती त्यातली मुख्य कलमे रद्द केली.

मग २०२० साल आले. टाळेबंदीत लाखो मजूर रस्त्याने चालत निघाले, अक्षरशः रस्त्याची लेकरे. ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून भुसावळकडे पायी निघालेले, मध्य प्रदेशातले मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले होते. मालगाडीखाली सोळाजण गेले. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचे छायाचित्र सर्वांनी पाहिले. ज्या जिल्ह्यात बाबा शाह मुसाफिरांची चक्की वाटसरूंसाठी पीठ दळत होती त्याच जिल्ह्यात हे घडले. त्याच काळात पुण्याच्या आझम कॅम्पसने आपल्या मशिदीतील दालन विलगीकरणासाठी दिले, गावोगावच्या तरुणांनी महामार्गावर जेवण वाटले. सुफ्फा आमच्या रक्तातून गेलेला नाही, एवढे तरी त्यावरून कळले.

काय करता येईल? फार मोठे काही आम्ही सुचवत नाही. लावारिस मय्यतीचे गुस्ल, कफन, दफन आपला समाज इज्जतीने करतो, त्याचे मोल आम्ही जाणतो. त्या मय्यतीला तिच्या हयातीत एक चादर मिळाली होती का, एवढे विचारायला आपण शिकले पाहिजे. रमजानमध्ये फुटपाथवर इफ्तार वाटणाऱ्या तरुणांनी त्याच माणसांची नावे लिहून घ्यावीत. कागदपत्रे नसलेल्या बेघरालाही मतदार म्हणून नाव नोंदवता येते. निवडणूक कर्मचाऱ्याने रात्री येऊन तो तेथे झोपतो याची खात्री करायची असते. त्या रात्री त्याच्यासोबत कुणी साक्षर माणूस उभा राहिला तर पुष्कळ काम होते. भायखळ्याच्या बायकांनी हेच दाखवून दिले होते. मदतीच्या आधी मोजणी आणि मोजणीच्या आधी ओळख. जकातीचा हिशेब करताना आठवा हक्कदार कोण, हे एकदा पाहावे. जमातीची रिकामी खोली असेल तर तिचे दार कुणाच्या नावाने उघडते, हेही पाहावे.

आम्ही त्या बैठकीत पुन्हा जाणार आहोत. तो प्रश्न कुणीतरी परत विचारील. या वेळी उत्तर देऊ, की भाई, ते आपल्या जमातीतले नाहीत, म्हणूनच त्यांचा हक्क आहे.